लाटेच्या पाठीवरून

कायाक हा शब्द आमच्या मसोलीत अजून नीट रुळलेला नाही. कुणी 'कायक' म्हणतं, कुणी सरळ 'ती प्लॅस्टिकची होडी'. माझ्या भाच्यानं ती आणली तेव्हा सगळी आळी बघायला जमली होती. साडेतीन मीटर लांबी, एकाला बसायला जागा, मागे मासे ठेवायचा डबा आणि गळाच्या दोन काठ्या. इंजिन नाही, शीड नाही. हातातलं दुतोंडी वल्हं, तेवढंच.

ताईचा, म्हणजे त्याच्या आईचा जीव मात्र तेव्हापासून टांगणीला. "जाताना काही वाटत नाही गं, तो परत येताना पोटात गोळा येतो," असं ती म्हणते, आणि ते अगदी बरोबर आहे. जाताना लाट समोरून येते, दिसते. परतताना ती पाठीमागून येते!

आमच्या शेजारी एक मांगेला काका राहतात. उभा जन्म होडीवर काढलेला माणूस. भाच्याला त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आज तिथी कोणती?" पोरगं गप्प. मैत्रिणींनो, चतुर्थी-एकादशी आपण उपासापुरती लक्षात ठेवतो, पण किनाऱ्यावर तिथी म्हणजे घड्याळ. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानानं कळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पुढे साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग.

डहाणूचा किनारा सपाट. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की होडी ओढत आणताना कंबर मोडते. पण या सपाटपणाचा एक फायदा आहे. इथली लाट लांबवर फुटते आणि फेसाळत, लोळत येते. जिथे वाळूचा उतार एकदम खडा असतो तिथे तीच लाट उभी राहून धाडकन आपटते. तशा जागी छोट्या होडीनं उतरूच नये. भरती पूर्ण चढली की आपल्याकडेही पाणी वरच्या चढाच्या वाळूला भिडतं, म्हणून काका म्हणतात, "अर्ध्या भरतीला ये."

आता खरी गोष्ट. लाटा फुटतात त्या रेषेच्या बाहेर आधी थांबायचं. घाई नाही. गळ गुंडाळायचे, काठ्या आडव्या करून बांधायच्या, मोकळी दोरी पायाशी ठेवायची नाही. डब्याचं झाकण घट्ट. शिंगाळा मिळाला असेल तर जास्तच, कारण त्याचा काटा विषारी. होडी उलटली आणि तो मांडीत घुसला तर विचारायलाच नको. मग लाटा बघत बसायचं. मोठ्या लाटा घोळक्यानं येतात, मध्ये थोडी उसंत मिळते. सातवी लाट मोठी वगैरे म्हणतात, त्यावर भरवसा नको. आपल्या डोळ्यांनी मोजावं. घोळक्यातली शेवटची मोठी लाट पुढे गेली की तिच्या पाठीमागे जोरात वल्हवत निघायचं, तिच्या पाठीला धरून. तिला गाठायचं नाही आणि मागचीला गाठू द्यायचं नाही. मागचीनं उचललंच तर वल्हं उलटं मारून तिला खालून पुढे जाऊ द्यायचं.

आणि होडी आडवी झाली तर? आपलं शरीर आपसूक किनाऱ्याकडे कलतं. तिथेच होडी उलटते. कलायचं लाटेकडे, वल्हंही तिच्याच अंगावर टेकवायचं. मनाला पटत नाही, पण दुचाकीवर वळताना आपण वळणाकडेच झुकतो ना, तसंच.

सगळ्यात महत्त्वाचं आपल्यासाठी, किनाऱ्यावर उभ्या असणाऱ्यांसाठी. होडी आली की आपण पदर खोचून पाण्यात धावतो, पुढून धरायला. हे अजिबात करू नये. रिकामी कायाक एकटा माणूस ओढू शकतो, पण तिच्यात पाणी शिरलं की हिशोब बदलतो. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो. तशा वीस बादल्या झाल्या की तीनशे किलो! मागून लाट तिला ढकलत असते आणि मध्ये आपले गुडघे. उतरणाऱ्यानंही समुद्राच्या बाजूलाच उतरायचं, होडी आणि वाळू यांच्यामध्ये कधीच नाही. ताईला हे पटवायला मला आठ दिवस लागले. "माझं लेकरू येतंय आणि मी बाजूला उभी राहू?" हो, बाजूलाच!

ही होडी मुळात आपली नव्हे. ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांची. तिथे सांगाडा पुरुष करत, पण त्यावर सीलचं कातडं शिवायचं काम बायकांचं. पाण्याचा थेंब आत शिरणार नाही अशी ती शिवण. म्हणजे नवऱ्याचा जीव बायकोच्या टाक्यावर! मला हे वाचून फार बरं वाटलं.

जॅकेटच्या बाबतीत मात्र आमच्या घरात चर्चा नाही. १३ जानेवारी २०१८ ला याच डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट उलटली, तीन मुली गेल्या. तो दिवस इथे कुणी विसरलेलं नाही. जॅकेट नुसतं अंगात अडकवून चालत नाही, पट्टे आवळावे लागतात, नाहीतर पाण्यात ते मानेवरून वर सरकतं.

१ जूनपासून यांत्रिक होड्यांना पावसाळी बंदी लागते. "माझ्या होडीला यंत्र कुठाय?" असं भाच्यानं एकदा म्हणून बघितलं. काकांनी उत्तर दिलं नाही, नुसतं समुद्राकडे बोट दाखवलं. कायाक आता पडवीत उलटी घालून ठेवली आहे. नारळी पौर्णिमेनंतर बघू. आणि हो, ताईनं स्वतःच्या मापाचं एक जॅकेट मागवलंय. कशाला, ते अजून सांगत नाही.