देवाला भिणारी माणसं

"सिस्टर, देव जर एवढा प्रेमळ आहे, तर त्याला भ्यायचं कशाला?" रात्रपाळीत चहाच्या वेळी नवशिक्या मुली हा प्रश्न मला हटकून विचारत. मी मूळची जालन्याची, मराठी ख्रिस्ती घरातली. नर्स म्हणून नोकरीची सगळी वर्षं सिकंदराबादच्या वॉर्डांत गेली. प्रश्न साधा असला तरी त्याचं उत्तर ख्रिस्ती जीवनाच्या मुळाशी जातं. म्हणून ते सविस्तर सांगावंसं वाटतं.

आधी डोळ्यांना दिसतं ते सांगते. सिकंदराबाद ही 1806 साली वसलेली छावणी. सैन्यामागून इथे चर्चही आली. सेंट मेरीज चर्च 1850 मध्ये पूर्ण झालं आणि 2008 मध्ये त्याला बॅसिलिकेचा मान मिळाला. पुढे गावात तेलुगू आणि तमिळ मंडळ्या वाढल्या. रविवारी सकाळी तेलुगू उपासनेला गेलात, तर पुष्कळ ठिकाणी दाराबाहेर चपलांचा ढीग दिसेल. एकमेकांना 'वंदनालू' म्हणत लोक आत शिरतात, आणि प्रार्थना सुरू झाली की बायका डोक्यावर पदर घेतात. जालन्याला आमच्या घरी पवित्र शास्त्रावर दुसरी कुठलीही वस्तू ठेवायची नाही, असा आजीचा दंडक होता. जळत्या झुडपापाशी मोशेला पायतण काढायला सांगितलं गेलं, ही निर्गमातली गोष्ट आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

ही झाली अदबीची बाहेरची रीत. मनात काय घडतं, ते शास्त्रातल्या दोन माणसांकडे पाहिलं की उमगतं. उज्जीया राजा वारला त्या वर्षी यशया संदेष्ट्याला मंदिरात देवाचं दर्शन झालं. त्याला पहिल्यांदा आठवले ते स्वतःचे अशुद्ध ओठ. दुसरा माणूस पेत्र. रात्रभर जाळी टाकून काही मिळालं नव्हतं. येशूच्या शब्दावर पुन्हा जाळं टाकलं, तर ते फाटायला आलं. एवढी मासळी मिळाल्यावर कोळ्याने आनंदाने नाचायचं, पण पेत्र येशूच्या पायांशी पडला आणि मी पापी आहे, माझ्यापासून दूर हो, अशी विनवणी करू लागला. दोघांनाही कुणी धमकावलं नव्हतं. निखळ चांगुलपणा समोर उभा राहिला आणि त्याच्या उजेडात ते स्वतःला जसे आहेत तसे दिसले. त्यानंतर शिक्षा झाली का? यशयाच्या ओठांना वेदीवरचा निखारा लावून त्याचा दोष दूर केला गेला, पेत्राला भिऊ नकोस असं सांगितलं गेलं, आणि दोघांनाही काम मिळालं.

तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी या भयाचे प्रकार उलगडून सांगितले. गुलामाचं भय शिक्षेचं असतं. लेकराचं भय वडिलांपासून दुरावण्याचं असतं. प्रेम वाढतं तसं पहिलं भय कमी होत जातं आणि दुसरं वाढत जातं. कॅथलिक शिकवणुकीत तर देवाचं भय हे पवित्र आत्म्याच्या सात दानांपैकी एक मानलं जातं. वॉर्डात मी या दोन्ही तऱ्हा पाहिल्या आहेत. एक नर्स मेट्रनचा राऊंड असेपर्यंत चादरी ताणते. दुसरीला आपल्या हातून पेशंटला इजा होईल याचीच धास्ती असते, मेट्रन असो वा नसो.

बेशुद्ध पेशंटला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाही तर पाठीला बेडसोर होतात. पहाटे तीन वाजता नातेवाईक व्हरांड्यात झोपलेले असतात आणि पेशंट तर तक्रार करणार नसतो. न वळवताच चार्टवर 'वळवलं' असं लिहिणं अगदी सोपं असतं. लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय मी मुलींना अशा वेळी वाचून दाखवायची. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नये, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, अशी आज्ञा तिथे आहे आणि तिला लागूनच देवाचं भय धरायला सांगितलं आहे. बहिऱ्याला शिवी ऐकू येत नाही, आंधळ्याला धोंडा कुणी ठेवला ते कळत नाही. त्यांच्या वतीने ऐकणारा आणि पाहणारा देव आहे.

त्याच अध्यायात मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवायला मनाई आहे. म्हाताऱ्या माणसासमोर उठून उभं राहण्याची आज्ञाही आहे, आणि तिच्याशी देवाचं भय पुन्हा जोडलेलं आहे. शास्त्रातलाच नहेम्या यहुदाचा सुभेदार झाला. आधीच्या सुभेदारांनी रयतेला पिळलं होतं. आपण तसं केलं नाही, कारण देवाचं भय होतं, असं तो स्वतः सांगतो. शास्त्र या भयाची परीक्षा घेतं ती अशा ठिकाणी, जिथे समोरच्याला उलट वार करता येत नाही.

आम्हा नर्सेसना निर्गमाच्या पहिल्या अध्यायातल्या शिप्रा आणि पुवा या सुइणी फार जवळच्या. इब्री बायकांना मुलगा झाला की मारून टाका, असा फारोचा हुकूम होता. त्या देवाला भ्याल्या आणि मुलं जगवली. देवाचं भय असलं की राजाचं भय उरत नाही. आणि मोठी गोष्ट अशी: त्या फारोचं नाव तिथे नोंदलेलं नाही, या दोन सुइणींचं आहे.

आपल्या पंडिता रमाबाईंना मी याच ओळीत बसवते. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण ज्यांच्याकडे त्या शिकत होत्या त्या धर्मभगिनींना आणि धर्मगुरूंना पत्रांतून त्या ठामपणे कळवत राहिल्या की सदसद्विवेक कुणाकडे गहाण टाकणार नाही. पुढे दुष्काळात त्यांनी केडगावला शेकडो मुलींना आसरा दिला आणि मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. देवापुढे नमणारी ही बाई बिशपांपुढे बिचकली नाही.

आता एका गोष्टीबद्दल मला कळकळीने बोलायचं आहे. पेशंटच्या उशाशी बसून 'देवाने तुला शिक्षा केली' म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. कॅन्सरच्या बाईला, मूल गेलेल्या आईला असं सांगणं क्रूरपणा आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो. योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटलं आहे की पूर्ण झालेली प्रीती भीतीला बाहेर घालवते. दहशत बसवून जमवलेली गर्दी देवाची मंडळी होत नाही.

देवाचं भय आपल्या मंडळ्यांनाही जाब विचारतं. चर्च ऑफ साउथ इंडिया 1947 मध्ये स्थापन झालं. सिकंदराबाद ज्यात येतं त्या, या चर्चच्या मेदक धर्मप्रांतातली बहुसंख्य कुटुंबं मूळची माला आणि मादिगा समाजातली, गावाने ज्यांना पाण्यापासून दूर ठेवलं त्यांची. प्रभुभोजनाला कठड्यापाशी सगळे शेजारी शेजारी गुडघे टेकतात आणि उघड्या तळव्यावर भाकर घेतात. तिथून उठून लग्नाच्या बोलणीत जात विचारणारा, किंवा घरच्या मोलकरणीला वेगळा कप ठेवणारा माणूस गुडघे टेकताना कुणासमोर होता, हे त्याने स्वतःला विचारावं.

त्या मुलींना मी सांगायची, देव मारेल म्हणून भिऊ नका. तो फार चांगला आहे, आणि ज्याला कुणी वाली नाही तो त्याचा लाडका आहे, हे ओळखून भ्या. कुणाची भक्ती किती खरी आहे, हे मला विचाराल तर चर्चमधल्या जागेवरून किंवा प्रार्थनेच्या लांबीवरून ठरत नाही. त्याच्या हाताखाली राबणाऱ्या माणसाला विचारा.