‘डोकं फिरलं असेल’ म्हणण्याआधी

गैरसमज : मनोरुग्ण हिंसक असतोच.

बहुतेक मनोरुग्ण आयुष्यात कुणावर हात उगारत नाहीत. उलट मारहाण आणि अत्याचार त्यांच्याच वाट्याला जास्त येतात. स्वीडनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या आठ हजार रुग्णांच्या १९७३ ते २००६ या काळातल्या नोंदी तपासल्या गेल्या. व्यसनही जडलेल्यांपैकी २७.६ टक्के रुग्ण हिंसक गुन्ह्यात दोषी ठरले होते, व्यसन नसलेल्यांपैकी ८.५ टक्के. तुलनेसाठी घेतलेल्या सर्वसामान्य लोकांत हे प्रमाण ५.३ टक्के होतं. आजाराने धोका काहीसा वाढतो, हे नाकारून चालणार नाही. पण तो कितीतरी पटींनी वाढतो, तो दारू किंवा अमली पदार्थांची जोड मिळाल्यावर. म्हणूनच मनाच्या आजारावर एकीकडे आणि व्यसनावर दुसरीकडे, असे तुटक उपचार मला धोक्याचे वाटतात. दोन्हींकडे एकत्रच पाहायला हवं.

गैरसमज : मार खाल्लेलं मूल पुढे गुन्हेगारच होणार.

अमेरिकी संशोधक कॅथी विडम यांनी छळ किंवा हेळसांड सोसलेल्या ९०८ मुलांची पुढची वाटचाल तपासली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांपैकी २६ टक्के मुलांना अल्पवयातच अटक झाल्याचं दिसलं. छळ किंवा हेळसांड न सोसलेल्या, पण बाकी तशाच परिस्थितीतल्या मुलांत हे प्रमाण १७ टक्के होतं. फरक मोठा आहे, पण चारातल्या तिघांवर ती वेळ आलीच नाही. आणि ज्यांना कुणी मारलं नाही, फक्त वाऱ्यावर सोडलं, त्यांनाही झळ बसली होती.

छळ सोसलेलं मूल हिंसेकडे वळतं कसं? बाप पिऊन येतो त्या घरातलं मूल जिन्यावरच्या पावलांवरून आजची रात्र कशी जाणार ते ओळखतं. राग आधीच हेरणं, हाच त्याचा बचाव असतो. तेच पोर अठराव्या वर्षी लोकलच्या गर्दीत धक्का लागला, की त्यात अपमान वाचतं आणि समोरच्याच्या आधी स्वतः हात उचलतं. त्यात पोटात दारू असली, तर थांबवणारा विचार उशिरा येतो.

गैरसमज : नशेत केलं म्हणून माणूस सुटतो.

भारतीय न्याय संहितेचं कलम २३ नशेची सबब फक्त तेव्हाच मान्य करतं, जेव्हा नशा नकळत किंवा मर्जीविरुद्ध दिली गेली असेल आणि त्यामुळे आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हेच कळत नसेल. मनोविकाराचंही तसंच. नुसतं निदान पुरत नाही. कृत्याच्या क्षणी त्याचं स्वरूप किंवा ते चूक असल्याचं कळत नव्हतं, हे सिद्ध करावं लागतं.

गैरसमज : पूर्वायुष्य विचारणं म्हणजे पाठीशी घालणं.

२०२२ साली मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की फाशीचा निर्णय करण्याआधी आरोपीचं मानसिक आरोग्य, कुटुंबाची पार्श्वभूमी, लहानपणी सोसलेली हिंसा किंवा हेळसांड यांची माहिती न्यायालयापुढे यायला हवी. दोष सिद्ध झालेलाच असतो. प्रश्न शिक्षेचा असतो.

मला मात्र हे प्रश्न फाशीच्या दारात नव्हे, दहाव्या वर्षी विचारलेले हवे आहेत. शेजारच्या मुलाचा छळ होतोय अशी शंका असेल, तर १०९८ वर फोन करा. मनाच्या आजाराबद्दल किंवा व्यसनाबद्दल बोलायचं असेल, तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.