शिफ्ट कळेची स्थिती आणि बोलीच्या लेखनातील ळकार

नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील बोलीचे ध्वनिमुद्रण ऐकून ते संगणकावर उतरविताना अभ्यासकापुढे एक अडचण उभी राहते. टंकित प्रतीत ‘पानी’ असा शब्द आला, तर तो निवेदकाचा उच्चार समजावा की टंकलेखकाचा हस्तदोष? या भागातील ग्रामीण बोलीत णकाराच्या जागी नकार सर्रास ऐकू येतो. म्हणून हा प्रश्न केवळ शुद्धलेखनाचा राहत नाही.

याचे अर्धे उत्तर कळफलकाच्या रचनेतच आहे. १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकातील इनस्क्रिप्ट कळफलकावर क आणि ख, त आणि थ, प आणि फ एकेका कळेवर असून त्यांतील महाप्राण शिफ्ट दाबल्याने उमटतो. परंतु ण हा न च्या नव्हे, तर म च्या कळेवर आहे. शिफ्ट हुकल्यास ‘पामी’ उमटेल, ‘पानी’ नव्हे. तेव्हा ‘पानी’ हे रूप बोटाचे नसून कानाचे होय. मग तो कान टंकलेखकाच्या स्वतःच्या बोलीने घडलेला का असेना. ळकाराची गोष्ट निराळी. ल व ळ यांची कळ एकच. शिफ्ट हुकली की ‘काळ’ चा ‘काल’ होतो, आणि दोन्ही शब्द मराठीच असल्यामुळे शुद्धलेखन तपासणारी आज्ञावलीही हरकत घेत नाही.

अशा वेळी शिफ्टची नोंद ठेवणारी लहानशी सी आज्ञावली उपयोगी पडते. प्रमाण सी भाषेला कळा ठाऊक नाहीत, अक्षरे तेवढी ठाऊक आहेत. नुसती शिफ्ट दाबल्याने तिच्याकडे काहीच पोहोचत नाही. म्हणून कार्यप्रणालीलाच विचारावे लागते. लिनक्सच्या मूळ कन्सोलवर ‘टीआयओसीलिनक्स’ या विनंतीबरोबर ६ हा अंक पाठविला असता एक संख्या परत येते. तीत शिफ्टसाठी १, उजव्या आल्टसाठी २, कंट्रोलसाठी ४ व डाव्या आल्टसाठी ८ मिळविलेले असतात; म्हणजे ५ आल्यास शिफ्ट आणि कंट्रोल दोन्ही दाबलेल्या आहेत. मात्र ही स्थिती विचारल्या क्षणाची असते, अक्षर उमटल्या क्षणाची नव्हे. वेगाने टंकन करणाऱ्याचे बोट तोवर उचललेले असू शकते.

त्यामुळे प्रत्येक कळेची घटना क्रमाने वाचणे अधिक विश्वसनीय ठरते. लिनक्समधील निवेश-घटनांत डाव्या शिफ्टचा क्रमांक ४२, उजवीचा ५४ व ल-ळ च्या कळेचा ४९ असतो. दाबल्यास १, सोडल्यास ० अशी नोंद होते. ४९ च्या किंचित आधी शिफ्ट सुटली किंवा किंचित नंतर दाबली गेली, असे दिसल्यास तो लकार संशयास्पद मानावा. शिफ्टला स्पर्शच झाला नसेल, तर मात्र नोंद मूक राहते, आणि ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावे लागते.