दमा असलेल्या वैद्याने साथीत दवाखाना चालू ठेवावा काय?

साथीच्या काळात दवाखाना उघडा ठेवणे हे वैद्याचे कर्तव्य होय, याविषयी आपणांत मतभेद नाही. परंतु त्या वैद्यालाच तमक श्वासाची व्याधी असेल, किंवा औषधशाळेत खलबत्त्यापाशी बसणारा कारागीर दमेकरी असेल, तर काय करावे, हा प्रश्न कोविडच्या साथीत अनेकांसमोर उभा राहिला आणि ज्याने त्याने तो आपापल्या परीने सोडविला. कोणी भीतीपोटी दवाखाना बंद केला, तर कोणी व्याधी लपवून काम केले. हे दोन्ही मार्ग आम्हांस उचित वाटत नाहीत.

आपल्या अहिल्यानगर (तत्कालीन अहमदनगर) जिल्ह्यापुरते पाहिले तरी हा निर्णय एकदा घेऊन मोकळे होता येईल असा नव्हता. मार्च २०२० पासून निर्बंध सुरू झाले. शिर्डीचे समाधिमंदिर १७ मार्च रोजी बंद झाले ते नोव्हेंबरात उघडले, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाले आणि ऑक्टोबरात पुन्हा उघडले. हिवरे बाजारसारखे गाव मे २०२१ मध्ये कोरोनामुक्त झाले. उलट त्याच वर्षी ऑक्टोबरात, राज्य मोकळे होत असताना, जिल्ह्यातील ६१ गावांत पुन्हा टाळेबंदी करावी लागली. तालुक्यातालुक्यात परिस्थिती इतकी भिन्न असता दमेकरी वैद्याने मार्चमध्ये घेतलेला निर्णय ऑक्टोबरातही योग्यच ठरेल, असे कसे म्हणावे?

प्रथम धोक्याचे स्वरूप पाहू. आरंभी दमा हा सरसकट अतिजोखमीच्या यादीत होता. पुढे ब्रिटनमधील १ कोटी ७२ लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, ज्या दमेकऱ्यांना नजीकच्या काळात पोटातून स्टिरॉइड घ्यावे लागले नव्हते, त्यांचा कोविडने मृत्यूचा धोका इतरांइतकाच होता. ज्यांना ते घ्यावे लागले होते त्यांचा धोका सुमारे १३ टक्क्यांनी अधिक होता. याच अभ्यासात अनियंत्रित मधुमेहाने हा धोका जवळजवळ दुप्पट झालेला आढळला आणि साठीतील व्यक्तीचा धोका पन्नाशीतील व्यक्तीच्या दुपटीहून अधिक दिसला. तात्पर्य, ‘दमा आहे’ एवढ्या एका वाक्यावर निर्णय घेणे अपुरे आहे. बासष्ट वर्षांच्या, मधुमेही, सौम्य दमा असलेल्या वैद्याने दम्याची चिंता करावी आणि साखरेकडे दुर्लक्ष करावे, हा विपर्यासच होय. मात्र हे आकडे कोविडचे आहेत. इन्फ्लुएंझाच्या साथीत दमा हा गंभीर आजाराचा मान्य धोका आहे. तेव्हा पुढील साथ कोणत्या विषाणूची, हे कळेपर्यंत सावधगिरी अधिकच बाळगावी.

आपल्या शास्त्रातही हा विवेक आहे. चरकाचार्यांनी तमक श्वास याप्य सांगितला, नवोत्थित असता साध्यही म्हटला. आणि ज्वर व मूर्च्छा यांनी युक्त तो प्रतमक, असा भेद केला. श्वासाच्या हेतूंत रज आणि धूम यांना प्रथमपासून स्थान आहे. म्हणजे व्याधी नियंत्रणात आहे की नाही आणि काम रज-धूमाचे आहे की नाही, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. आमच्या मते गेल्या वर्षभरात ज्यास पोटातून स्टिरॉइड घ्यावे लागले किंवा रुग्णालयात दाखल व्हावे लागले, जो रात्री दम्याने जागा होतो, त्याने साथ शिगेला असता प्रत्यक्ष रुग्णतपासणी करू नये. ज्याचा दमा दीर्घकाळ शांत आहे त्याने ती करण्यास हरकत नाही. पण पीक फ्लो मीटरवर रोज सकाळी फुंकून अंक लिहून ठेवावा. स्वतःच्या सर्वोत्तम अंकाच्या ८० टक्क्यांखाली तो उतरू लागला की त्या दिवशी दवाखान्यात बसू नये. ५० टक्क्यांखाली गेल्यास तातडीने उपचार घ्यावेत. हा निर्णय स्वतःच्या नाडीवर स्वतःच हात ठेवून घेऊ नये. दुसऱ्या चिकित्सकाकडून तपासून घ्यावे. आपण वैद्य स्वतःचे रुग्ण म्हणून फार वाईट असतो.

चालू असलेला फवारा साथीच्या भीतीने बंद करणे ही सर्वांत धोक्याची गोष्ट. श्वासमार्गातून घ्यावयाचे स्टिरॉइड चालूच ठेवावे, असा दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाचा २०२० पासूनचा सल्ला आहे. सितोपलादि किंवा वासावलेह त्यासोबत अवश्य द्यावा, त्याऐवजी नव्हे. सोमलता आणि साल्ब्युटामॉल ही दोन्ही हृदयगती वाढवितात, याचे भान ठेवावे. दवाखान्यात नेब्युलायझर लावणे साथीत टाळावे, कारण त्याने तुषार पसरतात. स्पेसरसह फवारा बहुतेकदा तेवढाच उपयोगी पडतो. दमेकऱ्यास वाफाऱ्याचा आग्रह करू नये. आणि धूपन! कोंदट खोलीत गुग्गुळ-निंबाचा धूर करून वर सोडियम हायपोक्लोराइटने फरशी पुसावयाची, म्हणजे दमेकरी वैद्याने आपला हेतू आपणच सिद्ध करणे होय. जंतुनाशकाचे काम दुसऱ्याने, दारे उघडी टाकून, वैद्य येण्यापूर्वी उरकावे. रुग्णांना बाहेर ओट्यावर किंवा झाडाखाली बसवून तेथेच तपासणे हा उपाय बिनखर्चाचा आहे आणि ग्रामीण दवाखान्यास सहज साधणारा आहे. ज्यांना पाहण्याची गरज नाही त्यांच्यासाठी दूरध्वनीवरील सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे आयुर्वेद चिकित्सकांना एप्रिल २०२० पासून उपलब्ध झालेली आहेत.

औषधशाळांच्या मालकांसाठी थोडे सविस्तर लिहिणे प्राप्त आहे, कारण तेथे धोका दुहेरी असतो. इसबगोल, सोनामुखी आणि बाभळीचा डिंक यांच्या धुळीने कामगारांना नव्याने दमा जडल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात जुनी आहे. सुंठ, मिरी, पिंपळी यांची भुकटीही श्वासमार्गास क्षोभक ठरते. अशा चूर्णविभागातील कारागीर साथीत खोकू लागला, तर तो धुळीचा खोकला की साथीचा, हे कळणार कसे? त्यास चूर्णविभागातून काढून बांधणी, नोंदी किंवा बाहेरच्या कामावर घ्यावे. परंतु येथे खरा अडसर वैद्यकीय नाही. रोजंदारीचा माणूस दमा सांगत नाही, कारण सांगितले की उद्यापासून ‘येऊ नकोस’ असे ऐकावे लागेल, ही त्याची भीती असते. संगमनेरच्या विडी कामगारापासून साखर कारखान्याच्या बगॅसवर राबणाऱ्यापर्यंत ती सर्वत्र सारखीच. काम बदलले तरी रोज तोच राहील, असे मालकाने साथ येण्यापूर्वीच जाहीर केले, तरच कामगार खरे बोलेल. मुखपट्टी धुळीसाठी आणि विषाणूसाठी अशी दोन्हीकडे उपयोगी पडावयाची असेल तर झडपेविना एन-९५ घ्यावी; झडपेची मुखपट्टी घालणाऱ्याचे रक्षण करते, समोरच्याचे करीत नाही.

शेवटी कायद्याची बाजू. साथीत दवाखाने बंद ठेवणाऱ्यांवर कारवाईची ताकीद देणाऱ्या नोटिसा काही महापालिकांनी काढल्या होत्या. नवी मुंबईतील अशाच नोटिशीनंतर दवाखाना चालू ठेवणारे एक खासगी डॉक्टर जून २०२० मध्ये कोविडने निवर्तले. त्यांच्या पत्नीचा ५० लाखांच्या विमा योजनेखालील दावा, ते शासनाने कामास घेतलेले नव्हते या कारणाने नाकारला गेला आणि मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तो मान्य केला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, डॉक्टरांच्या सेवा शासनाने अधिग्रहित केल्या होत्या असे ठरविले. तथापि प्रत्येक दावा पुराव्यावरच तपासला जाईल, हेही स्पष्ट केले. म्हणून साथीत काम करणाऱ्या, विशेषतः दमेकरी वैद्याने आलेली प्रत्येक नोटीस, रोजचे रुग्णपत्रक आणि आपल्या प्रकृतीचे दाखले तारखेनिशी एका धारिकेत ठेवावेत, आणि ती धारिका कोठे आहे हे घरात सांगून ठेवावे.