सावलीमागील गणित

घरात कोणी घसरून पडले, हाताला मार लागला किंवा खोकला पंधरवडा उलटूनही हटेना, की डॉक्टर एक चिठ्ठी लिहून देतात आणि आपण क्ष-किरणचित्र काढण्यास जातो. अशा वेळी घरोघर दोन प्रकारची माणसे भेटतात. काहींना या किरणांचे इतके भय वाटते की आवश्यक तपासणीही ती टाळतात. काही याच्या अगदी उलट. डोके थोडे दुखू लागले तरी ‘एकदा सी. टी. स्कॅन करूनच टाका’ असा आग्रह ती डॉक्टरांकडे धरतात. या दोन्ही वृत्तींचे मूळ एकच आहे. यंत्रात नेमके काय घडते, हे आपणांस ठाऊक नसते. वास्तविक ते समजण्यास शाळेत शिकलेले गणित पुरेसे आहे.

या गणिताच्या शोधात आपणांस बंगळूरला जावयाचे आहे. शहराच्या दक्षिण भागात जे. पी. नगर ही मोठी वसाहत आहे. लोकनायक जयप्रकाश नारायण यांचे नाव तिला दिलेले आहे. आपल्यापैकी कित्येकांचे आप्तस्वकीय नोकरीनिमित्त या शहरात राहत असतील. पुणे, नागपूर किंवा बेळगाव येथे दिसतात तशाच रोगनिदान केंद्रांच्या पाट्या तेथेही ठायी ठायी दिसतात. पण तेथून मेट्रोच्या हरित मार्गाने उत्तरेस यशवंतपूरपर्यंत गेले, की जवळच भारतीय विज्ञान संस्थेचे आवार लागते. सी. टी. स्कॅनच्या यंत्रांनी जगभर वापरलेल्या एका गणिती रीतीचा या संस्थेशी निकटचा संबंध आहे. तिच्याकडे वळण्यापूर्वी साधी सावली कशी पडते ते पाहू.

किती किरण पार जातात?

जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण प्रथम आढळले. बीजगणितात अज्ञात राशीस आपण ‘क्ष’ म्हणतो. या किरणांचे स्वरूपही त्या वेळी अज्ञात असल्यामुळे ते क्ष-किरण ठरले. प्रकाशाप्रमाणेच तेही फोटॉन नावाच्या कणांच्या रूपाने येतात. मात्र प्रत्येक कणाची ऊर्जा पुष्कळच अधिक असते. ती किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट या एककात मोजतात.

उदाहरणासाठी ६० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन घेऊ. आपल्या शरीराचा मऊ भाग बव्हंशी पाण्यासारखा आहे. अशा फोटॉनांचा झोत पाण्यातून जाऊ लागला की दर ३.४ सेंटिमीटरला त्यांची संख्या निम्मी होते. हजारांचे पाचशे, पाचशेचे अडीचशे, अशी ही उतरंड चालते. पोटाची जाडी २० सेंटिमीटर धरली, तर हजारांपैकी सुमारे १६ फोटॉनच पलीकडे पोहोचतात. हाड अधिक अडथळा करते. त्यात निम्मी संख्या होण्यास सव्वा सेंटिमीटरही लागत नाही. त्या वाटेवर ३ सेंटिमीटर हाड आले, तर १६ ऐवजी सुमारे ५ फोटॉन पार जातील. सोळा आणि पाच यांतील हा फरक म्हणजेच आपले चित्र होय. जेथे किरण कमी पोहोचतात, तेथे चित्र पांढरे राहते. म्हणून हाडे पांढरी दिसतात.

हाडाला ही शक्ती कोठून येते? फोटॉन अणूत संपूर्ण शोषला जातो, तेव्हा त्या शोषणाचे प्रमाण ढोबळमानाने अणुक्रमांकाच्या घनाप्रमाणे वाढते. पाण्यातील ऑक्सिजनचा अणुक्रमांक ८, तर हाडातील कॅल्शियमचा २०. म्हणजे क्रमांक अडीचपट. पण अडीचचा घन पंधराहून अधिक होतो. आतडी पाहावयाची असता बेरियम पाजतात आणि रक्तवाहिन्या पाहावयाच्या असता आयोडीनयुक्त औषध टोचतात, त्याचे कारणही हेच. त्यांचे क्रमांक अनुक्रमे ५६ व ५३ आहेत.

शोषला न जाता केवळ दिशा बदलणारा फोटॉन मात्र घोटाळा करतो. अमेरिकन शास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टन यांनी १९२३ मध्ये या घटनेचा उलगडा केला. त्यांच्या सूत्राप्रमाणे आपला ६० एककांचा फोटॉन काटकोनात वळला, तरी त्याच्याजवळ सुमारे ५४ एकके शिल्लक राहतात. असा वळलेला किरण चित्रावर धुके पसरवतो आणि खोलीत जवळ उभ्या असलेल्या माणसापर्यंतही पोहोचतो. म्हणूनच तंत्रज्ञ सोबतच्या मंडळींस बाहेर थांबावयास सांगतात. लहान मुलाला धरण्यासाठी कोणी आत थांबणे भागच असेल, तर त्यास शिशाचा अंगरखा घालतात. ६० एककांच्या शंभर फोटॉनांपैकी सुमारे सहाच अर्ध्या मिलिमीटर शिशातून पार जाऊ शकतात.

डब्यांतील लाडू

साध्या चित्रात एक मोठी उणीव असते. पुढचे आणि मागचे सर्व अवयव एकाच सावलीत मिसळून जातात. ही अडचण एका घरगुती कोड्यावरून ध्यानी येईल. चार झाकलेले डबे दोन-दोनच्या दोन ओळींत ठेवले आहेत, अशी कल्पना करा. वरच्या ओळीत एकूण ७ लाडू आहेत व खालच्या ओळीत ८. डावीकडील उभ्या रांगेत ५ आणि उजवीकडील रांगेत १० आहेत. एवढ्यावरून प्रत्येक डब्यात किती लाडू आहेत ते निश्चित सांगता येत नाही, कारण एकाहून अधिक उत्तरे जुळतात. पण वरचा डावा व खालचा उजवा या दोन डब्यांची बेरीज ९ आहे, एवढे आणखी कळले की कोडे सुटते. वर ३ व ४, खाली २ व ६. झाकण न उघडता आतले कळले, ते केवळ एका तिरप्या दिशेने पाहिल्यामुळे!

सी. टी. स्कॅन हेच करते. शरीराभोवती फिरत ते शेकडो दिशांनी बेरजा घेते आणि त्यांवरून प्रत्येक बिंदूची घनता काढते. अॅलन कॉर्मॅक यांनी १९६३ व १९६४ मध्ये यामागील गणित मांडले. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. दोघांस १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच १९७१ साली भारतीय विज्ञान संस्थेतील जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांचा एक निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रामचंद्रन हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे शिष्य. क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रथिनांची रचना उलगडण्यात त्यांनी आधीच कीर्ती मिळविली होती. सावल्या उलट दिशेने पसरून एकावर एक रचल्या, तर चित्र उमटते. पण ते पुसट राहते. हा पुसटपणा घालविण्यासाठी तोवर फूर्ये यांच्या पद्धतीची लांबलचक आकडेमोड करीत. या दोघांनी सोपी वाट दाखविली. प्रत्येक मोजणीतून तिच्या शेजारच्या मोजण्यांचा ठराविक अंश आधीच वजा करावा: पहिल्या शेजाऱ्याचा जेवढा अंश, त्याचा नवमांश तिसऱ्याचा, पंचविसांश पाचव्याचा, आणि मधल्यांचा काहीच नाही. गुणाकार आणि बेरीज-वजाबाकी एवढ्यावर काम भागले. ‘राम-लॅक’ या संक्षिप्त नावाने ही गाळणी आजही जगभरच्या पाठ्यपुस्तकांत शिकविली जाते.

स्वच्छ चित्राची किंमत

आता कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा हिशेब पाहू. फोटॉन हे पावसाच्या थेंबांसारखे अनियमितपणे येतात. एखाद्या ठिकाणी १०० अपेक्षित असता कधी ९०, तर कधी ११० येतात. म्हणजे चूक १० टक्क्यांची. १०,००० अपेक्षित असता चढउतार शंभराचा, म्हणजे अवघ्या १ टक्क्याचा. चूक दहापटीने घटली खरी; पण त्यासाठी फोटॉन शंभरपट लागले. चित्र दुप्पट स्वच्छ हवे असेल तर शरीरास चौपट किरण सोसावे लागतात. फुकटचे स्वच्छ चित्र मिळत नाही, हा निसर्गाचा नियम आहे.

या सोसण्याचे माप मिलिसीव्हर्टमध्ये करतात. जमीन, हवा, अन्न व अवकाश यांतून माणसास वर्षाकाठी जगात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतात. छातीच्या एका चित्राने फार तर ०.१ ची भर पडते. ती नैसर्गिक किरणांच्या सुमारे दोन आठवड्यांइतकी झाली. पोटाच्या सी. टी. स्कॅनने मात्र ८ ते १० मिलिसीव्हर्ट मिळू शकतात, म्हणजे तीन-चार वर्षांचा वाटा एकदम. पहिल्याचे भय बाळगू नये आणि दुसऱ्याचा हट्ट धरू नये, हा धडा या आकड्यांतच आहे. अपघातात डोक्यास मार लागला असता, किंवा पोटातील गंभीर विकाराची शंका असता, तेच स्कॅन प्राण वाचविते. तेथे आठ-दहा मिलिसीव्हर्टची किंमत अल्पच होय.

देशातील क्ष-किरण केंद्रांवर मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. हे मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले. यंत्र चालविणारे तंत्रज्ञ छातीशी एक लहानसा बिल्ला लावतात. त्यांना मिळालेल्या किरणांची नोंद त्यातून होते. या कर्मचाऱ्यांसाठी वार्षिक मर्यादा ठरविलेल्या आहेत. रुग्णासाठी मात्र अशी मर्यादा नाही. तेथे लाभ किती आणि जोखीम किती, हे डॉक्टरांनी तारतम्याने ठरवावयाचे असते.

या कामी आपण चार प्रकारे साहाय्य करू शकता. जुनी चित्रे व अहवाल जपून ठेवा आणि प्रत्येक वेळी सोबत न्या. एक चित्र वाचले तर तेवढे किरणही वाचले. घरातील स्त्रीस दिवस गेल्याची शंका असली, तरी ती तपासणीपूर्वीच सांगा. मुलांची तपासणी असेल तर त्यांच्या वयाला व वजनाला योग्य अशी मात्रा ठरविली आहे ना, हे विनयपूर्वक विचारा. आणि ज्यांत क्ष-किरण मुळीच नसतात अशा सोनोग्राफीने किंवा एम. आर. आय.ने काम भागेल का, हेही डॉक्टरांना विचारून पाहा.

पुढील वेळी डॉक्टर आपल्या हाती चिठ्ठी देतील तेव्हा भीती नको आणि हट्टही नको. या चित्राने उपचारात काय फरक पडणार आहे, एवढे मात्र अवश्य विचारा. समाधानकारक उत्तर मिळाले, तर निःशंक मनाने यंत्रासमोर उभे राहा.