भिंत चढणाऱ्या नातवंडांची बोटे

मुलीकडे अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला आले की नातवाबरोबर क्लायम्बिंग हॉलमध्ये जावे लागते. या सपाट देशात डोंगर नाहीत, म्हणून मुले छताखाली भिंत चढतात. पहिल्यांदा त्याला दोरीवर लटकलेला पाहून माझ्या पोटात गोळा आला होता. आपल्याकडेही हा खेळ पोचला आहे. २०१६ साली नवी मुंबईत त्याच्या विश्वचषक मालिकेतली स्पर्धा भरली होती. तेव्हा आजीआजोबांनी भीती नेमकी कशाची बाळगावी ते सांगते.

दोरी सहसा तुटत नाही, चुकते माणूस. गाठ अर्धवट राहते, किंवा खाली दोरी सांभाळणारा गप्पांत रमतो. म्हणून चढण्यापूर्वी दोघांनी एकमेकांचा पट्टा, गाठ आणि दोरी अडकवलेले साधन हात लावून तपासायचे असते. वॉर्डात जोखमीचे इंजेक्शन देण्यापूर्वी आम्ही दोघी लेबल वाचायचो, तसेच हे. दोरी सांभाळण्याचे इथे रीतसर प्रमाणपत्र मिळते. जोडीदाराकडे ते आहे का, हे मी विचारतेच. नातू वैतागतो, वैतागू दे.

दुसरा प्रकार बोल्डरिंग. त्यात दोरी नसते, भिंत साधारण चार मीटर आणि खाली जाड गादी. पडताना हात मागे टेकला की मनगट किंवा कोपर जाते. दोन्ही पायांवर उतरावे, गुडघे वाकवावेत, हात छातीशी घेऊन पाठीवर लोळावे. त्या गादीवर धाकट्या भावंडांना खेळू देऊ नये. पडल्यावर मान किंवा पाठ दुखत असेल तर मुलाला हलवू नका, रुग्णवाहिका बोलवा.

पण मला जास्त काळजी वाटते ती न पडता होणाऱ्या दुखापतीची. गेल्या महिन्यात चपाती तोडताना नातू मधले बोट बाजूला धरत होता. वय चौदा. मधला सांधा सुजलेला, आणि तीन आठवडे त्याने कोणाला सांगितले नव्हते! मी सवयीने तेलाची बाटली काढली. आपण कोकणातले शनवार तेली, तेलावर आपला भरवसा जुना. मग हात आवरला. वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची मऊ चकती असते, हाड तिथून वाढते. बोटांच्या टोकांवर पुन्हा पुन्हा भार घेतला की त्या चकतीला तडा जाऊ शकतो. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांत हे विशेष दिसते. दुर्लक्ष झाले तर बोट वाकडे किंवा ताठ राहू शकते.

म्हणून मालिश नको, बोट ओढून कडकड वाजवणे तर मुळीच नको. चढणे त्याच दिवशी बंद करायचे आणि डॉक्टरकडून एक्स-रे काढून घ्यायचा. सुरुवातीच्या एक्स-रेत तडा कधी दिसत नाही. दुखणे राहिले तर पुन्हा जायचे. वेळीच विश्रांती मिळाली तर बहुधा पूर्ण बरे होते. इथे आधी आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे जावे लागते, थेट मोठ्या रुग्णालयात नाही.

नातवाला दोन महिने भिंत बंद आहे. तरी रविवारी तो हॉलमध्ये जातो, मित्रांच्या गाठी तपासतो, आणि रात्री न विचारता माझ्यापुढे बोट धरतो.