पेशीचा ठावठिकाणा

नागपूरच्या हुडकेश्वर रोडवरच्या चिकन सेंटरमध्ये ब्रॉयलर कापला की पिसं, आतडी आणि शेपटीकडचा भाग टाकाऊ म्हणून डब्यात जातो. या टाकाऊ भागात, विष्ठा आणि अंडं ज्या एकाच वाटेने बाहेर पडतात त्या वाटेच्या वरच्या अंगाला, बोराएवढी एक पिशवी असते. पाडुआच्या विद्यापीठातले शरीररचनातज्ज्ञ फॅब्रिसियस यांनी तिचं वर्णन केलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२१ साली छापलं गेलं आणि पिशवीला त्यांचंच नाव मिळालं: ‘बर्सा ऑफ फॅब्रिसियस’. पुढची सव्वातीनशे वर्षं ती पिशवी कशासाठी आहे हे कोणालाही सांगता आलं नाही. आज माणसाच्या रक्तचाचणीतही ज्यांचा उल्लेख येतो त्या ‘बी’ पेशींमधला ‘बी’ या बर्साचाच आहे. शरीराचं रक्षण करणाऱ्या प्रतिकारपेशी आणि संप्रेरकं तयार करणाऱ्या पेशी यांच्याविषयी एक गोष्ट या पिशवीच्या इतिहासातून शिकता येते. अशी पेशी कोण आहे हे ठरवायचं, तर ती ऊतीत नेमकी कुठे आणि कोणाच्या शेजारी आहे हे आधी पाहावं लागतं. हे पाहण्याचं साधन म्हणजे सूक्ष्मदर्शक. तो आता जुनाट झाला, अशी समजूत प्रयोगशाळांमध्येही रुजू लागली आहे. ती का चुकीची आहे, हे इथे मांडायचं आहे.

या दोन प्रकारच्या पेशींनाच ठावठिकाण्याची एवढी गरज का पडते? स्नायूची किंवा हाडाची पेशी आकारावरून ओळखता येते. प्रतिकारपेशी आणि संप्रेरकपेशी मात्र शरीरभर विखुरलेल्या असतात आणि साध्या रंगात एकमेकींसारख्या दिसतात. ऊतीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवून, अल्कोहोलने त्यातलं पाणी काढून, मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात. मायक्रोटोमवर त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतात आणि हिमॅटॉक्सिलिन व इओसिनने रंगवतात. केंद्रक निळं, बाकी गुलाबी. या स्लाइडवर ‘बी’ आणि ‘टी’ लिंफोसाइट दोन्ही सारख्याच, गोल आणि गडद केंद्रकाच्या. मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतही वाढीचं संप्रेरक बनवणारी पेशी आणि दुधाशी संबंधित प्रोलॅक्टिन बनवणारी पेशी, दोन्ही आम्लरंग घेणाऱ्याच. ही अडचण सुटण्याची वाट १९४१ साली अल्बर्ट कून्स यांनी उघडली. प्रतिपिंड आपलं लक्ष्य अचूक पकडतं, म्हणून त्यांनी प्रतिपिंडालाच चमकणारा रंग जोडला. १९६६ मध्ये नाकाने आणि पिअर्स यांनी रंगाऐवजी विकर जोडलं. त्यामुळे लक्ष्याच्या जागी तपकिरी खूण उमटू लागली आणि ती साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसू लागली. संप्रेरकपेशी शोधायच्या त्या प्रतिकारसंस्थेनेच घडवलेल्या रेणूंनी, अशी ही युक्ती आहे.

आता पुन्हा बर्साकडे. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोमध्ये ब्रूस ग्लिक, टिमोथी चँग आणि जाप यांनी दाखवलं की लहानपणीच बर्सा काढून टाकलेल्या कोंबड्या साल्मोनेला जंतू टोचल्यावरही प्रतिपिंडं बनवत नाहीत. ‘सायन्स’ने हा लेख नाकारला आणि तो ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये छापून आला. कोणी म्हणेल, हा शोध तर चाकूने आणि रक्तचाचणीने लागला, यात सूक्ष्मदर्शकाचं श्रेय काय? आक्षेप रास्त आहे, पण अपुरा. प्रतिपिंडं थांबली एवढंच त्या प्रयोगाने कळलं. कोणती पेशी गेली, हे कळलं नाही. १९६५ मध्ये मॅक्स कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही पिल्लांचा बर्सा काढला, काहींची थायमस ही ग्रंथी काढली आणि मग त्यांच्या प्लीहेचे काप पाहिले. बर्सा नसलेल्यांत प्रतिपिंडं स्रवणाऱ्या प्लाझ्मापेशी आणि ‘बी’ पेशी वाढण्याची केंद्रं, म्हणजे जर्मिनल सेंटर्स, गायब होती. थायमस नसलेल्यांत लहान लिंफोसाइट विरळ झाल्या होत्या. एकाच अवयवात दोन वेगवेगळ्या जागा रिकाम्या झाल्या, म्हणून पेशींची दोन वेगळी कुळं आहेत हे स्पष्ट झालं. संप्रेरकांचा धागाही याच पिशवीत सापडतो. १९५९ मध्ये मेयर, राव आणि ॲस्पिनॉल यांनी दाखवलं की अंड्यातल्या गर्भाला टेस्टोस्टेरॉनसारखं संप्रेरक दिलं तर बर्साची वाढच खुंटते. वयात येताना कोंबडीचा बर्सा आपोआप आकसतो, त्यातही लैंगिक संप्रेरकांचा हात असतो. संप्रेरकं आणि प्रतिकारशक्ती हे विषय पाठ्यपुस्तकांत दोन वेगळ्या प्रकरणांत शिकवले जातात. शरीरात मात्र ते एकाच कापात शेजारी शेजारी दिसतात.

पोल्ट्री चालवणाऱ्याला याचा उपयोग काय, तर ‘गंबोरो’. अमेरिकेतल्या डेलावेअरमधल्या गंबोरो गावावरून हे नाव पडलं. १९६२ साली कॉसग्रोव्ह यांनी या रोगाचं वर्णन केलं आणि भारतात १९७१ मध्ये त्याची नोंद झाली. हा विषाणू बर्सातल्या वाढत्या ‘बी’ पेशींवरच घाला घालतो. लागण झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बर्सा सुजून दुप्पट होतो आणि आठव्या दिवसापर्यंत मूळ वजनाच्या तिसऱ्या हिश्शावर येतो. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत मर दिसते, म्हणून रोग लक्षात येतो. तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लांत मात्र तो बहुधा लक्षणांशिवाय येऊन जातो आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींचं बियाणंच संपवतो. पुढे मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस वेळेवर देऊनही शेडमध्ये मर लागली की दोष लसीला किंवा थंड साखळीला दिला जातो. खरं कारण कोंबडीच्या शेपटीखाली असू शकतं. बर्साचा काप पाहिला तर रिकामे पुटक आणि मधल्या जागेत वाढलेले तंतू सांगतात की घात आठवड्यांपूर्वीच झाला होता. विषाणूची चाचणी तोवर कोरी आलेली असू शकते, पण ऊतीत खूण राहते.

नागपूरला ऊती वाचण्याची ही विद्या परकी नाही. इथल्या विज्ञान संस्थेत प्रा. ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वटवाघळांच्या प्रजननावर अनेक दशकं काम केलं. वर्षभर नमुने गोळा करायचे, अंडाशय आणि गर्भाशयाचे सलग काप घ्यायचे आणि ऋतुचक्र स्लाइडवर मांडायचं, ही त्यांची रीत. १९५५ मध्ये त्यांनी लांब हातांच्या थडगे-वटवाघळाचं, म्हणजे टॅफोझोस लाँगिमॅनसचं, अंडाशयचक्र मांडलं आणि ही जात वर्षभर विते हे दाखवलं. पिपिस्ट्रेलस सिलोनिकस या जातीत मिलनानंतर शुक्राणू मादीच्या प्रजननमार्गात काही काळ जिवंत राहतात, हे गोपालकृष्ण आणि माधवन यांनी १९७१ मध्ये नोंदवलं. आज या नोंदीपुढे एक नवा प्रश्न उभा राहतो: शुक्राणू मादीच्या शरीराला परकेच, मग तिथल्या प्रतिकारपेशी त्यांना कसं सोडून देतात? संप्रेरकं या पेशींना आवरतात का? असा प्रश्न विचारता येतो, कारण शुक्राणू नेमके कुठे थांबतात हे कोणीतरी आधी पाहून ठेवलं. पुढे नागपूर विद्यापीठात निशिकांत सुभेदार आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात मागूर माशाच्या मेंदूत आणि पीयूषिकेत प्रजननाचं नियंत्रण करणाऱ्या संप्रेरकाच्या पेशी प्रतिपिंडांनी रंगवून दाखवल्या. बाजारात मिळणारा मासा आणि गढीत राहणारं वटवाघूळ यांच्या अभ्यासातून इथे जागतिक दर्जाचं शास्त्र झालं.

गोठ्यातलं उदाहरणही असंच आहे. गाय व्याली पण वार पडली नाही, तर आपण अशक्तपणा, कॅल्शियम, थंडी अशी कारणं शोधतो. २००२ मध्ये किमुरा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा गायींच्या न्यूट्रोफिल या प्रतिकारपेशी वारेच्या ऊतीकडे धावण्यात विण्याच्या आधीपासूनच मागे पडतात. वार सुटण्यासाठी संप्रेरकांचा बदल लागतो, तसंच प्रतिकारपेशींनी योग्य जागी पोचणंही लागतं. पोचल्या की नाही, हे कळायला ती जागाच पाहावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नुसतं पाहून काम कळत नाही. पॉल लँगरहान्स यांनी १८६८ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्वचेतल्या फांद्याफांद्यांच्या पेशी पाहिल्या आणि त्यांना मज्जापेशी समजले. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वादुपिंडातली पेशींची बेटं पाहिली आणि त्यांच्या कामाविषयी काहीच म्हटलं नाही. पहिल्या निघाल्या प्रतिकारपेशी, आणि हे समजायला सुमारे शंभर वर्षं लागली. दुसऱ्या निघाल्या इन्सुलिनच्या पेशी. म्हणजे चूक झाली ती अर्थ लावण्यात. जागेची नोंद अचूक होती, म्हणूनच पुढच्यांना आपले प्रयोग नेमके कुठे रोखायचे ते कळलं.

तिसरा आक्षेप आजचा आहे. एकेका पेशीतली जनुकं वाचता येतात, मग मेणाचे काप कशाला? पण त्या तंत्रात ऊती विरघळवून पेशी सुट्या कराव्या लागतात आणि शेजार हरवतो. ही उणीव खुद्द जनुकशास्त्रज्ञांनाच जाणवली. म्हणून जागेसकट जनुकं वाचणाऱ्या तंत्राला ‘नेचर मेथड्स’ने २०२० सालचं सर्वोत्तम तंत्र ठरवलं. नवं शास्त्र फिरून कापावरच आलं. प्रतिपिंडं फसवतात, हेही खरं आहे. माणसाच्या किंवा उंदराच्या प्रथिनासाठी घडवलेलं प्रतिपिंड शेळीत किंवा कोंबडीत भलतीच पेशी रंगवू शकतं. त्यावर उपाय जुनाच आहे: प्रतिपिंडाशिवायचा काप, ते प्रथिन नक्की असलेल्या ऊतीचा काप आणि तपासायचा काप, तिन्ही शेजारी ठेवून वाचायचे. मेलेल्या ऊतीत काळ दिसत नाही, या म्हणण्यावर गोपालकृष्णांचं काम हेच उत्तर आहे. वर्षभराचे नमुने ओळीने लावले की काळही दिसतो. आणि प्राणी मारायचा का, या रास्त प्रश्नाचं उत्तर असं की खाटीकखाना, चिकन सेंटर आणि शवविच्छेदन यांतून हवी तेवढी ऊती मिळते. आज ती फेकली जाते.

म्हणून नागपूरसाठी एक ठोस काम सुचवता येतं. इथे १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, २००० पासून महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे आणि गोरेवाड्याला वन्यप्राण्यांचं केंद्र आहे. २०२४च्या डिसेंबरात गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ बर्ड फ्लूचा विषाणू ओळखला. विषाणूचं नाव कळणं ही सुरुवात झाली. तो कोणत्या ऊतीत शिरला, तिथे कोणत्या प्रतिकारपेशी पोचल्या आणि कोणत्या पोचल्याच नाहीत, हे मेणाचे ब्लॉक सांगतात, तेही कित्येक वर्षांनंतर. १९१८च्या इन्फ्लुएंझाची जनुकं टॉबेनबर्गर यांनी १९९७ मध्ये वाचायला घेतली ती अशाच जपून ठेवलेल्या फुफ्फुसाच्या ब्लॉकमधून. तेव्हा ज्यांनी ब्लॉक बनवले त्यांना त्यातून कधी जनुकं वाचता येतील याची कल्पनाही नव्हती. विदर्भातल्या प्रत्येक मोठ्या मरीतून, प्रत्येक शवविच्छेदनातून ठरलेल्या अवयवांचे ब्लॉक करून, तारीख, गाव आणि वय लिहून ते जपावेत. फॉर्मॅलिन आणि मेण यांचा खर्च आधुनिक यंत्रांच्या तुलनेत नगण्य आहे. महाग आहे ती स्लाइड वाचणारी नजर, आणि ती तयार व्हायला वर्षं लागतात. विद्यापीठांनी ऊतीशास्त्राच्या जागा रिकाम्या ठेवल्या तर उद्या यंत्रं असतील, नमुने असतील, पण पेशी कुठे बसली आहे हे विचारणारं कोणी नसेल.